लेकीचा गेम आणि बाबांचं लिनक्स

डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं परिचारिकेच्या कानावर पडत होतं.

“परगावी एकटी पडलीय लेक. ती खेळते तो कॉम्प्युटरवरचा गेम तिच्याबरोबर खेळावा म्हटलं, तर विंडोज सोडून तुम्ही घातलेल्या त्या लिनक्सवर चालतच नाही.”

“गेमच्या कंपनीने लिनक्सवर चालेल असं करायला नको? आम्ही काय माणसं नाही? चार मेल केले मी.”

“काय म्हणाले?”

“लिनक्सवाले तुम्ही मूठभर आहात म्हणे.”

“मग घाला की विंडोज!”

“वीस वर्षं घरात येऊ दिलं नाही मी ते.”

“लेकीसाठीही नाही?”

“...काल घातलं.”

“अगंबाई! बोलला नाहीत ते?”

“आधी एकदा तिच्याबरोबर खेळून बघितलं. गेममध्ये तीनदा मारलं तिने मला. पण काय हसत होती गं!”

“आजी, डोळे पुसू नका हं,” परिचारिका हळूच म्हणाली.