विहिरीत मावेल असा

राही : असा नको, आबा. ह्याला शिंगं हायेत. विहिरीत कसा मावंल?

भीमा : मग पूस आन दुसरा काढ. कोळशानं सगळी भित काळी केलीस. तुझी आई आली की वरडंल.

राही : आई इतक्यात येत न्हाई. आडावर लई रांग हाय. हा बघा, ह्याला पंख हायेत.

भीमा : पंख नको. खाली दोन मानसं उभी ऱ्हायली की पहार फिरवाया जागा उरत न्हाई. खडकाला घासून मोडतील त्याचे पंख.

राही : मग तुमीच सांगा कसला पायजे. तुमच्यासंगं ऱ्हायाचंय त्याला.

भीमा : राहे, गनीभाईचा ट्रॅक्टर यील आता. आज बाभळीच्या मळ्यातल्या विहिरीत सुरुंग उडवायचेत. मला पागोटं बांधू दे.

राही : म्हनून तर आजच निवडा. परवा तुमी चुलीपाशी पडला, तवा आई हुती, मी हुते. विहिरीत फिट आली तर कोन हाय? कुनाला ठावंच न्हाई तिथं.

भीमा : आन ह्ये भितीवरचं जनावर मला धरनार?

राही : धरनार न्हाई. आधी सांगनार.

भीमा : काय सांगनार?

राही : फिट येतीया म्हनून. यायच्या आधी तुमचा डावा अंगठा उडतो. तुमाला कळत न्हाई, मला दिसतो.

भीमा : कवापासनं बघतीस?

राही : पोळ्यापासनं. पयल्यांदा बैलाची शिंगं रंगवताना पडला तुमी, तवापासनं.

भीमा : अंगठ्याचं मला ठावं न्हाई. माझ्या जिभंवर चव येती. लोखंड चाटल्यावानी.

राही : लगीच पडता?

भीमा : लगीच न्हाई. दोन-तीन दम घ्यायाइतका येळ असतो. वाटतं, आता जाईल, आता जाईल. उभाच ऱ्हातो मी.

राही : हे डाक्टरला सांगितलं व्हतं?

भीमा : न्हाई.

राही : आईला?

भीमा : कुनालाच न्हाई. तुलाच सांगतोय.

राही : मग ती चव म्हंजे तोच. तो आला असं समजायचं. आता सांगा, पाय कसले?

भीमा : ... घोरपडीचे दे. खडकाला धरून ऱ्हाते ती. कितीबी उभा कडा असू दे, सुटत न्हाई.

राही : आन डोळे घुबडाचे. खाली अंधार असतो.

भीमा : घुबडाचे? आई म्हनंल, घरात घुबड काढलं.

राही : नुसते डोळेच हायेत. कान सशाचे, म्हंजे तुमच्या आधी त्याला ऐकू यील. आन अंग मुंगसाएवढं, पागोट्यात बसंल असं. चालंल का?

भीमा : चालंल.

राही : चालंल नको. पायजे का सांगा.

भीमा : पायजे.

राही : नाव छोटं ठेवायचं. मोठं नाव घ्यायाइतका तुमाला येळ न्हाई. घोरू.

भीमा : मी घोरतो म्हनून?

राही : घोरपडीवरनं. चव आली की त्याचं नाव घ्यायचं आन खाली बसायचं. मोठ्यानं घ्यायचं.

भीमा : मोठ्यानं घेतलं तर संगतीची मानसं इचारतील, ह्यो घोरू कोन.

राही : मग सांगायचं.

भीमा : ते न्हाई जमायचं. विहिरीत कोन घील मला? म्हनतील बाधा झाली, देवरुषाकडं न्या. मनात घीन मी नाव.

राही : मनातलं वर कसं ऐकू जाईल, आबा?

गनीभाई : भीमा. ए भीमा, चल. ट्रॅक्टर चालू ठेवलाय.

भीमा : आलो, गनीभाई. पूस राहे ते. पूस म्हनतो ना.

गनीभाई : काय पुसतीस बेटी? अरे वा. हे काय, मांजर हाय का घुबड?

राही : दोन्ही न्हाई, गनीचाचा.

भीमा : खेळ हाय पोरीचा. किती भोकं भरायची आज?

गनीभाई : नऊ. सहा मी भरतो, तीन तू भर. आन वाती तूच पेटव, माझा गुडघा धरलाय, मला वर वढायच्या बादलीत झटकन चढता येत न्हाई. छगन असंल तुझ्यासंगं. पन भीमा, मंगळवारसारखं करायचं न्हाई.

भीमा : मंगळवारी काय केलं मी?

गनीभाई : वात पेटली आन तू उभा. बादलीत पायच टाकंना. मी वरनं शिव्या देतोय, छगन तुला वढतोय, आन तू आपला बघतोयस खडकाकडं. शेवटी छगननंच तुला बादलीत कोंबला. बारा वरसं तू माझ्या हाताखाली, असं कधी केलं न्हाईस. दारू पिऊन आल्तास का? खरं सांग, मी कुनाला बोलनार न्हाई.

भीमा : दारू न्हाई.

गनीभाई : मग काय?

राही : आबा, अंगठा.

गनीभाई : मी तुझ्याशी बोलतोय, भीमा. इकडं बघ.

भीमा : घोरू.

गनीभाई : काय?

भीमा : घोरू. राहे, घोरू आला.

राही : बसा. आबा, खाली बसा. चुलीकडं नको, हितं. बसा.

(भीमा भिंतीला टेकून खाली बसतो. त्याचं अंग ताठ होतं आणि मग झटके सुरू होतात.)

गनीभाई : या अल्ला. भीमा. ए भीमा. पोरी, कांदा आन. न्हाईतर जोडा दे तो, हुंगवतो.

राही : नको, चाचा. तोंडापाशी कायबी न्यायचं न्हाई. नगरच्या डाक्टरनी सांगितलंय. हात नका दाबू त्यांचे. नुसतं कुशीवर करा. हां. डोक्याखाली ते पागोटं सरकवा.

गनीभाई : जीभ चावंल तो. चमचा घाल दातात.

राही : न्हाई घालायचा. बे एके बे, बे दुने चार, बे त्रिक सहा...

गनीभाई : पाढे काय म्हनतीस?

राही : घड्याळ न्हाई आमच्यात. सात-आठच्या पाढ्याला थांबतं. पंधराच्या पुढं गेलं तर दवाखान्यात न्यायचं. तुमचा ट्रॅक्टर हाय ना भायेर?

गनीभाई : हाय. हाय, बेटी. म्हन तू.

राही : ... सात सक बेचाळीस, सात साती एकोनपन्नास, सात आठी छप्पन. थांबलं. बघा, थांबलं. आता झोपतील जरा. घोरतील, घाबरू नका.

गनीभाई : तुझं वय काय?

राही : धा.

गनीभाई : हे कवापासनं चाललंय?

राही : पोळ्यापासनं. आईला आन मला ठावं हाय. डाक्टरनी गोळ्या दिल्या हुत्या. पन गोळीनं झोप येती, पहार हातातनं सुटती, म्हनून आबांनी सोडल्या.

गनीभाई : आन मला सांगितलं न्हाई कुनी.

राही : आईनं शपथ घातली हुती. मी न्हाई सांगितलं, चाचा. तुमी बघितलं.

गनीभाई : व्हय. मी बघितलं.

भीमा : ... बैलं सोडली का?

राही : आबा, मी राही. बैलं दिवाळीतच इकली आपन. पडून ऱ्हावा.

भीमा : राही. बरं. ... पडलो का मी?

राही : न्हाई. बसला. तुमी आपल्या आपन बसला. पयल्यांदाच लागलं न्हाई तुमाला.

भीमा : आन ह्ये कोन?

गनीभाई : गनी.

भीमा : ... बघितलं तुमी.

गनीभाई : बघितलं. दम घे आदी. मग बोलू.

भीमा : बोला आत्ताच.

गनीभाई : माझा भाऊ हैदर. कसा गेला ठावं हाय तुला?

भीमा : सुरुंगात.

गनीभाई : वात विझली म्हनून बघाया वाकला. मी वर हुतो. मी त्याला पोत्यात घालून वर काढला, भीमा. आन मंगळवारी तू पेटत्या वातीपाशी उभा हुतास, आन मी तुला बेवडा म्हनत हुतो. छगन खाली हुता. त्याला दोन लेकरं हायेत. तू एकटाच मरनार हुतास का?

भीमा : न्हाई.

गनीभाई : मग तोंड का शिवलं हुतंस?

भीमा : मला दुसरं काय येतं, गनीभाई? औंदा रानात कुसळ न्हाई. विहिरीचं काम गेलं तर खडी फोडाया जायचं, तिथंबी पडलो तर तिथनंबी हाकलतील. आन पोरीकडं उद्या कोन बघंल? म्हनतील, बापाला फेपरं हाय.

गनीभाई : आजपासनं तू विहिरीत उतरायचं न्हाई. सुरुंगाच्या दारूला, वातीला हात लावायचा न्हाई.

भीमा : म्हंजे काढलं मला.

गनीभाई : काढलं म्हनलो का मी? पहारी तापवून टोकं काढाया बस भात्यावर.

राही : भात्यावर नको, चाचा. इस्तू असतो तिथं.

गनीभाई : खरं हाय. मग दगड घडव. दोन विहिरींचं बांधकाम घेतलंय, चिरे लागनारच हायेत. वर, सपाट जमिनीवर, झाडाखाली.

भीमा : ते म्हाताऱ्यांचं काम हाय.

गनीभाई : मग हो म्हातारा. माझ्यावर उपकार कर आन म्हातारा हो. गोळ्या चालू कर. दगडावर बसून पेंग आली तर कुनाचा जीव जात न्हाई.

भीमा : आन संगतीच्या मानसांना काय सांगनार?

गनीभाई : बाकीच्यांचं मी बघतो. काय बोललाच कुनी तर माझ्याशी गाठ हाय. पन छगनला तू सांगायचं. मी न्हाई. त्याचा हात तुझ्या दंडाला हुता मंगळवारी. सोडून वर आला असता, पन आला न्हाई.

भीमा : आज न्हाई. उद्या सांगतो.

गनीभाई : उद्या तू दगडावर असशील आन तो इचारंल का. मग मी खोटं बोलू?

राही : आबा, पानी प्या.

भीमा : दे. ... कुठंय छगन?

गनीभाई : भायेर. ट्रॅक्टरवर बसलाय.

भीमा : राहे, हात दे. मी उठतो.

राही : मी येऊ संगं?

भीमा : न्हाई. तू साळंला जा, उशीर झाला तुला. गनीभाई, तुमी जरा हितंच थांबा.

गनीभाई : जा. मी हाय.

भीमा : छगन. ट्रॅक्टर बंद कर थोडा. मंगळवारचं सांगायचंय तुला.