जालिंदरची फुकट चाल

न्हाई न्हाई, ह्या पटावरची काळी मोहरी माझी — पांढरी जालिंदरची, आन जिंकलो मी, ते आधी ध्यानात घ्या. बसा ना, फोटो कापायला येळ लागंल जरा, आन तहसीलला तशी बी जेवणाची सुट्टी हाय — बसा. तर हा डाव असा चालू झाला, की राजापुढचं प्यादं त्यानं दोन घरं काढलं, मी बी काढलं, आन दुसऱ्याच चालीला ह्या गड्यानं उंटापुढचं प्यादं माझ्या तोंडात दिलं. खा म्हणं. गँबिट म्हणत्यात ह्याला. फुकट मिळतंय म्हणून आपण खायचं, आन तवर त्याचे घोडे, उंट, हत्ती मोकळे होऊन अंगावर येणार. मी म्हणतो, रीतच चुकीची — घरचं देऊन भांडण कशाला इकत घ्यायचं? पण जालिंदर अकरा वर्षं दर गुरुवारी हेच खेळतोय. मेंढरं राखणारा माणूस, एक कोकरू चुकलं तर डोंगर पालथा घालंल, आन हितं पटावर प्यादी वाटत सुटतो! हरतो बी बहुतेकदा. हरला की हसतो, डाव वहीत उतरवून घेतो, पोरीला दाखवाय. अपेक्षा — धाकटी त्याची, दहावीला हाय, जिल्ह्याला खेळणार हाय औंदा. बापाच्या वह्यांवरच शिकली पोर.

ह्या डावात तर त्यानं वजीर बी दिला. मी घेतला — घेणारच की, कोण सोडंल? घेतला आन मग दिसलं, की त्याचा हत्ती आता सरळ शेवटच्या रांगेत येणार, आन माझा राजा सोताच्याच तीन प्याद्यांमागं कोंडलेला. मात. त्याला दिसलं होतं का? दिसलं असणारच, त्याबिगर वजीर कोण देतंय. तेवढ्यात एक बाई आल्या तान्हं लेकरू घिऊन, फोटो काढायला — लेकरू मान धरंना, तवा जालिंदरच उठला आन मागं पांढरा पडदा धरून उभा राह्यला. मी फोटो काढला — दोन काढले — आन वळता वळता… हे कडेचं प्यादं बघा. हे. एक घर पुढं हाय ना? राजाला पळायला खिडकी झाली.

व्हय, मीच. बोटानं. तशी चाल बरोबरच हाय ती, फकस्त पाळी त्याची होती.

तो आला, बसला, पट बघितला — लई येळ बघितला. मी तयार होतो, आधीपासनं तितंच हाय म्हणणार होतो. त्यानं विचारलंच न्हाई. राजा आडवा केला, म्हणला, "हरलो गड्या," वहीत लिहिलं आन गेला. त्याला महिना झाला, तवापासनं एका गुरुवारी आला न्हाई.

काय? न्हाई, मी गेलतो की, परवा. तसं काय काम नव्हतं, गाडी त्याच्या वस्तीकडं वळली. जालिंदर मेंढरांमागं, पोर दारात वही घिऊन बसलेली. म्हणली, "बरं झालं आला काका. ह्या डावात बाबांनी असं का केलं?" बघतो तर लिहिताना एक चाल जादा घातलेली. माझं ते प्यादं कायद्यात बसावं म्हणून त्यानं सोताच्या नावावर एक चाल दाखवली — राजा एक घर बाजूला. खेळलाच न्हाई तो तसं! आन पोर म्हणती, "एका चालीत मात होती काका, मला दिसती, मग बाबांना कशी दिसली न्हाई?"

आता काय सांगायचं? — सांगितलं. म्हणलं, "चूक झाली तुझ्या बापाची. गँबिट खेळणाऱ्याचं असंच व्हतं बाळा. घाई." तिनं लाल पेन घेतलं आन त्या चालीपुढं लिहिलं, चूक. आन माझ्या पाठीमागनं आवाज आला, "व्हय, चूकच झाली." जालिंदर. खांद्यावर घोंगडी, कधीचा उभा होता कुणास ठाऊक. म्हणला, "बस जयसिंग, चहा घे."

घेतला. दोन कप घेतले. पटाचं नाव कुणी काढलं न्हाई. निघताना मीच म्हणलं, "गुरुवारी येतोस का?" तर म्हणला, "बघू, मेंढरं हायेत." आता मेंढरं काय अकरा वर्षं नव्हती व्हय?

डाव मी तीसेक येळा मांडून बघितला. प्यादं मागं घिऊन बी बघितला — मागं घेतलं की मात हाय, त्यात वाद न्हाई. रविवारी पोरीचा सामना. ती आता मनात हेच धरून बसणार, की बापासारखं खेळायचं न्हाई.

तिला? तिला काय सांगायचं? … त्यांच्या घरचा फोन नंबर हाय की. नंबर हाय माझ्याकडं.

…

मान जरा डावीकडं कललीय तुमची, पण चालंल. आठ फोटो हायेत, मोजून घ्या. जावा तुमी आता. आन जाताना तेवढं दार ओढून घ्या.