मास्तरांनी दिलेला सूर

ताई : चहा नको, पाणी नको. आधी उत्तर दे. माझ्या जागी तुला उभं केलं, तेव्हा तालमी कुठल्या पट्टीत करत होतीस?

चिमी : अगं, दारात उभी राहून काय विचारतेस! बैस तरी. चाळीस वर्षांपूर्वीच्या तालमी आता कुणाच्या लक्षात असणार?

ताई : तुझ्या. शेजारणीनं उसनी नेलेली वाटीसुद्धा लक्षात असते तुझ्या.

चिमी : काय झालंय ते नीट सांग. सकाळी रेडिओवाल्यांकडे गेली होतीस ना? उद्याच्या आपल्या दोघींच्या सत्कारात वाजवायचं गाणं निवडायला?

ताई : गेले होते. त्यांनी दोन टेपा लावल्या. एक माझ्या शेवटच्या प्रयोगाची, एक तुझ्या पहिल्या. नाटक तेच, गाणं तेच, ऑर्गनवर मास्तर तेच.

चिमी : मग?

ताई : आधी माझी लागली. शेवटचा अंतरा आला आणि मी खुर्चीत अंग चोरून बसले. तिथंच तर आवाज फाटला होता माझा. लोकांच्या शिट्ट्यासुद्धा आल्यात टेपेत, अगदी स्वच्छ. मग तुझी लागली. तू मजेत गात होतीस, कुठं ओढाताण नाही. आणि माझ्या एकदम लक्षात आलं, हे गाणं खालून चाललंय. चांगलं दोन पट्ट्या खालून. मी पहिल्यापासून गायचे ना, तिथून.

चिमी : जुन्या टेपा त्या. तुझी भरभर फिरली असेल.

ताई : मलाही आधी तेच वाटलं. मग मी त्यांना माझे संवाद लावायला सांगितले. टेप पळाली असती तर बोलणंही चिरकं झालं असतं की नाही? बोलणं माझंच होतं, चिमे. गाणी तेवढी वर चढवलेली.

चिमी : हळू बोल. ते आत पडलेत.

ताई : ऐकू दे ना तुझ्या नवऱ्याला!

चिमी : ऐकू कुठं येतंय त्यांना, कानातलं यंत्र काढून ठेवलंय. तरी पण...

ताई : टायफॉइडमधून उठून उभी राहिले होते मी. वाटलं, अंगात ताकद नाही म्हणून गळा साथ देत नाही. अगं, सूर मी कधी तपासून घेतला नाही. विंगेत उभं राहायचं, मास्तरांनी ऑर्गनवर बोट ठेवायचं, तो सूर धरून आत शिरायचं. आईनं वाढलेल्या ताटातलं मीठ कुणी तपासतं का? आणि हा बाबा थोडं थोडं वर नेत होता! आवाज चिरला की कोमट पाण्याचा पेला घेऊन धावत यायचा तोही हाच. 'ताई, गळ्याला जपा.'

चिमी : कंपनीच्या मालकांनी सांगितलं होतं त्यांना.

ताई : म्हणजे तुला माहीत होतं.

चिमी : मालकांना नवा चेहरा हवा होता. तुला सरळ काढलं असतं तर तू दुसऱ्या कंपनीत गेली असतीस आणि अर्धं थिएटर तुझ्यामागे गेलं असतं. आवाजच गेला म्हटल्यावर तू आपणहून घरी बसलीस.

ताई : बसवलंत मला.

(चिमीचा नवरा, मास्तर, आतल्या खोलीतून येतात.)

मास्तर : अरे वा, ताई! कधी आलात? मोठ्यानं बोला हं, माझं यंत्र आत राहिलंय. गळा कसा आहे तुमचा?

ताई : तुम्ही ठेवलात तसाच आहे, मास्तर.

मास्तर : छान, छान! जपा हं. चिमे, ताईंना पाणी दे की, उन्हातून आल्यात. कोमट दे.

चिमी : देते. तुम्ही पडा जाऊन.

(मास्तर आत जातात.)

ताई : दर वेळी विचारतात, गळा कसा आहे. मला वाटायचं, किती माया या माणसाला!

चिमी : ताई, मी पहिल्या दिवशी तालमीला बसले, त्यांनी सूर दिला. मी म्हटलं, मास्तर, हा तर ताईचा जुना सूर. ते म्हणाले, तू गा गप.

ताई : आणि तू गायलीस.

चिमी : गायले.

ताई : सकाळी तुझी तालीम, संध्याकाळी माझा प्रयोग. मधे दुपारी एका ताटात जेवायचो गं आपण. एक शब्द बोलली असतीस तर?

चिमी : एकोणीस वर्षांची होते मी. विंगेत तुझ्या शाली सांभाळत मोठी झाले. मलाही एकदा उजेडात उभं राहायचं होतं. हवं ते म्हण, पण आता खोटं नाही बोलवत.

ताई : मालकाचं मला काही वाटत नाही. तो व्यापारी. मास्तरही नोकर माणूस, समजू शकते. पण तू माझी बहीण होतीस, चिमे.

चिमी : उद्या येशील ना पण? हवं तर माइकवर सगळं सांग. मी खाली मान घालून बसेन.

ताई : सांगून काय होणार? तू मान खाली घालून कबूल करशील आणि लोक टाळ्या वाजवतील तुझ्या खरेपणाला. मी घरी बसल्यावर काय केलं, ठाऊक आहे तुला? लग्न केलं, पोरगी झाली. भारी रडकी होती. शेजारची बाई येऊन तिला अंगाई म्हणायची आणि मी नुसती थोपटत बसायचे. तोंड उघडायची लाज वाटायची. वाटायचं, आईचा असला फाटका आवाज कानात घेऊन कशाला वाढावं पोरीनं? स्वयंपाकघरात कधी गुणगुणले नाही गं मी. गळा शाबूत असताना!

चिमी : मग आता म्हण. आत्ता, इथं. तुला झेपेल तिथून म्हण. थांब, मी सूर देते.

ताई : तू देऊ नकोस.

चिमी : बरं, तूच लाव. एकच ओळ म्हण, ताई. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी म्हण.

ताई : लावून बघितला. तुझा जिना चढताना, कुणी नव्हतं तेव्हा. आता खरंच गेलाय.