ओंजळीची खूण

येडशीच्या स्टेशनात गाडीची वाट पाहत बसलेल्या तात्यारावांनी कान टवकारले. शेजारच्या बाकावरच्या नणंद-भावजयीच्या हातात त्यांनीच लिहिलेली कादंबरी होती, टोपणनावानं छापलेली.

"वहिनी, आवडली का?"

"इन्स्पेक्टरचं अन् त्या मालूचं प्रेम लई गोड लिवलंय. वाचता वाचता भाकर करपली माझी."

"अन् खुनी?"

"त्याला सायेब निस्त्या सवयीवरनं वळखतो. तोंडसुदिक न बघता!"

"कसं काय?"

"खून करून त्यो हौदावर पाणी प्याला. तांब्या तिथंच हुता, पर त्याच्यावरची धूळ तशीच. म्हंजे ओंजळीनं प्याला. म्हंजे गावकुसाबाहेरचा! हाय का न्हाय डोकं, सुजाता?"

"आपलं आबा जलमभर ओंजळीनंच प्यालं, वहिनी. तांब्याला हात लावायची सोय हुती का?"

"गोष्ट हाय बाई ती."

"गोष्टच. पर खुनी हुडकायला लिवणाराला आपलीच ओंजळ घावली."

तात्यारावांना ठसका लागला. दुष्काळानं स्टेशनचा नळ कधीच कोरडा पडला होता. सुजातानं पिशवीतून भरला तांब्या काढला.

"काका, घरचं पाणी हाय. घ्या."

तात्याराव वाकले. तांब्या समोर असताना लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांनी ओंजळच पुढं केली.

"हातात घ्या की तांब्या."

त्यांची मान वर होईना, अन् ओंजळ मागंही घेववेना. सुजातानं धार सोडली, शेवटच्या थेंबापर्यंत.

"वहिनी," ती म्हणाली, "तुमच्या सायबाला सांगा. खुनी घावला."