हळदीतलं जॅझ

बेलवलीच्या दातांच्या दवाखान्यात प्रगती नंबरची वाट पाहत होती. शेजारी एक आई तिच्या तरुण मुलीवर करवादत होती.

“ऋतिका, मावशीच्या सुजितच्या हळदीत लोकांना नाचायचं होतं गं! तू पियानोवर बसून नव्या गाण्यात ते जुनं इंग्रजी जॅझ घुसवलंस.”

“मी तसंच गाते, आई.”

“कुणाला ठेकाच सापडेना! मावशी अजून माझ्याशी बोलत नाही.”

“सॉरी म्हणते ना तिला.”

“मावशीचं सोड. आज भांडी घासताना तेच गाणं गुणगुणायला गेले, तर तुझ्यासारखंच वाकडं आलं. मूळ चाल आठवेचना!”

“म्हणून दाखव.”

“इथे?”

“हळू म्हण.”

आईने वैतागून दोन ओळी गुणगुणल्या.

“दुसऱ्या ओळीआधी जरा थांबायचं, आई.”

“थांबले होते की! आता नीट ऐक.”