दोनशे चाळीसचा फोन

दवाखान्याच्या बाकावर पोस्टमन आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारी म्हातारे शिंपी बसले होते आणि त्यांची बायको कुजबुजल्यासारखी ओरडत होती.

"दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरसाठी बाही सैल केलीत, आता तोंडाला टाका घालू? काल साखर पुन्हा दोनशे चाळीस!"

"केकचा एवढासा तुकडा गं."

"तो आकडा थेट लेकीच्या मोबाइलवर जातो, माहीत आहे ना?"

"आहे की."

"हातातलं काम टाकून फोन केला तिनं. अर्धा तास झापलं तुम्हाला!"

"पस्तीस मिनिटं."

"लाज नाही वाटत?"

"साखर नीट असली की पंधरा-पंधरा दिवस फोन येत नाही गं तिचा."

पोस्टमनचा नंबर पुकारला. तो ऐकतच राहिला, उठलाच नाही. शिंप्यांच्या बायकोनं हात पुढे केला.

"आणा तो मोबाइल इकडे. केक न खाताही लागतो फोन. आणि आधी मी बोलणार!"