फिल्टर कापायचा कटर गेल्याबाबत

नाव : कागदोपत्री आहे ते रजिस्टरला लिहिलंय, बाकी सगळे 'वस्ताद' म्हणतात. वय : ५८. धंदा : गाड्या दुरुस्ती. राहणार : स्वतःच्या गॅरेजच्या मागे, दोन खोल्यांत.

मी आपण होऊन पोलीस ठाण्यात हजर राहिलो आहे आणि कोणाच्या सांगण्यावरून नाही, तर स्वतःच्या तोंडाने जबाब देतो तो असा :

घरी बायको आणि एक मुलगी, वय २७. शिक्षण झाल्यापासून मुलगी गॅरेजमध्ये माझ्या हाताखाली काम करते. माझी तक्रार मुलीबद्दल नाही. ती सज्ञान आहे, आपल्या पायाने गेली, हे साहेबांनी मला दोनदा समजावलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं. तक्रार आहे ती तिने जाताना नेलेल्या कटरबद्दल.

वस्तूचं वर्णन : लोखंडी, हातात मावेल एवढा, धारेचं एक छोटं चाक, आवळायला मूठ. वापरलेला ऑइल फिल्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा, इंजिनाची सगळी घाण त्यात जाऊन बसते. डब्याला चाक टेकवायचं, गोल फिरवायचं, मूठ जराशी आवळायची, परत फिरवायचं. झाकण अख्खं सुटतं, कीस पडत नाही. मग आतला कागद सुरीने सोडवायचा, व्हाइसमध्ये दाबून तेल काढायचं आणि घड्या उजेडात पसरायच्या. घड्यांत चमक दिसली की समजायचं, इंजिन आतून झिजतंय. माणूस गाडी धुऊनपुसून आणेल, गोड बोलेल, पण फिल्टर खोटं बोलत नाही. साहेब म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हणालो, लिहा.

मुलीसाठी स्थळ म्हणून जो कोणी घरी यायचा, त्याला बायको चहा द्यायची आणि मी तेवढ्यात बाहेर जाऊन त्याच्या गाडीचा फिल्टर काढायचो. साहेब म्हणाले, मालकाला न विचारता काढलात, मग चोर कोण? मी म्हणालो, बदली नवा बसवला, वरचं तेलही पदरचं घातलं. पहिल्याच्या फिल्टरमध्ये डांबरासारखा गाळ निघाला. आळशी माणूस. दुसऱ्याचा फिल्टर हलका, आतला कागद फाटलेला. असला माणूस संसारही तसाच निभावून नेणार. दोघांना नारळ दिला. बायको म्हणाली, "अहो, जावई बघताय की गिअरबॉक्स?" मी लक्ष दिलं नाही.

गेल्या रविवारी मुलीने स्वतः एकाला घरी आणलं. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो, म्हणून मी त्याला चष्मेवाला म्हणतो. आल्या आल्या म्हणाला, "काका, गाडी इथे लावली तर तुमच्या कामाच्या आड येणार नाही ना?" असल्या बोलण्याला मी भुलत नाही. तो आत बसला, मी फिल्टर काढला. निळ्या रंगाचा, चांगल्यातला, वेळेवर बदललेला. कटर तेव्हा भिंतीवरच्या त्याच्या खिळ्याला होता की नव्हता, आठवत नाही. मी हॅक्सॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने कापला.

साहेबांनी विचारलं, हॅक्सॉने कापलं तर काय होतं? मी सांगितलं, पत्र्याचा कीस पडतो, आतल्या कागदावर बसतो आणि चांगल्या इंजिनाची फुकट बदनामी होते. हे तुम्हाला माहीत होतं का, असं विचारलं. मी म्हणालो, मीच सगळ्यांना शिकवलंय. पुढचा प्रश्न साहेबांनी विचारला नाही.

मी घड्या ताटात पसरून आत नेल्या आणि सगळ्यांसमोर वरून चुंबक फिरवला. चुंबकाला कीस चिकटला. मी म्हणालो, "बघा, इंजिन आतून पोखरलंय याचं. असल्याच्या गळ्यात मी पोरगी बांधायचो नाही." चष्मेवाल्याने मान खाली घातली. मुलीने चुंबक घेतला, खिडकीपाशी नेला आणि बोटाने कीस उलटासुलटा करून बघितला.

"बाबा, इंजिनाला आतून निळा रंग कोण देतं?" ती म्हणाली. "आणि कटर तर खिळ्यालाच आहे."

मी म्हणालो, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. तिने चुंबक परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन मैत्रिणीकडे गेली.

खिळा रिकामा दिसला. खाली बाकावर माझ्या स्वतःच्या गाडीचा फिल्टर कापून ठेवला होता, कटरने, कड एकदम स्वच्छ. हात चांगला आहे तिचा. आत काय निघालं, असं साहेबांनी विचारलं. त्याचा तपासाशी संबंध नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. गाळ निघाला. चमकही निघाली. दुसऱ्यांच्या गाड्यांपुढे स्वतःच्या गाडीकडे बघायला सवड होत नाही. बायको म्हणाली, "माझ्या वडिलांना फिल्टर उघडता येत नव्हता, म्हणून तुमचं लग्न झालं."

गाडीखाली झोपून मी पाना मागितला की नंबर सांगायच्या आत हातात यायचा. आता मागतो, थोडं थांबतो, मग बाहेर येऊन स्वतः घेतो. ती जाऊ नये असं मला वाटत होतं, पहिल्यापासून. हे कुठल्या कलमात बसत नसेल तर खोडा. साहेबांनी खोडलं नाही.

साहेबांनी माझ्यादेखत मुलीला फोन लावला. कटर आपल्याकडे आहे, घेऊन येते, असं ती म्हणाली. आता हे लिहिलं जात असताना बाहेर एक गाडी येऊन थांबली आहे. इथून दिसत नाही, पण चष्मेवाल्याची आहे, आवाजावरून सांगतो. इंजिन चालू आहे. मी नीट ऐकलं. इंजिनात खोट नाही. रविवारीही नव्हती, हे मला फिल्टर कापायच्या आधीच कळलं होतं. एवढं शेवटचं मुलीसमोर वाचू नये, ही विनंती.

माझा जबाब मी बोललो तसाच उतरवला आहे. तो मला शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मुलगी दारात उभी होती. जबाब खरा आहे, बदल काही नाही.